पदक आणि दफ्तर

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस, ७ ऑगस्ट १७८२ रोजी, न्यूबर्ग येथील आपल्या छावणीतून सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी एक हुकूम काढला. ज्या साध्या शिपायाने अथवा हवालदाराने रणांगणात असामान्य शौर्य दाखविले असेल किंवा विलक्षण निष्ठेने एखादी कामगिरी पार पाडली असेल, त्याने आपल्या कोटावर डाव्या छातीशी जांभळ्या कापडाचे वा रेशमाचे, कडेने बारीक फीत लावलेले एक हृदयाकृती चिन्ह धारण करावे, असे चिन्ह धारण करणाऱ्यास पहारेकऱ्यांनी अधिकाऱ्याप्रमाणेच वाट मोकळी करून द्यावी, आणि त्याचे नाव व पलटण एका खास वहीत, गुणवंतांच्या पुस्तकात, दाखल करण्यात यावी, असा त्या हुकुमाचा आशय होता. युरोपातील राजेरजवाडे मानचिन्हे सरदार-उमरावांसाठी राखून ठेवीत असत त्या काळात सामान्य शिपायाच्या छातीकडे लक्ष देणारा हा हुकूम म्हणजे एक लहानशी क्रांतीच होती. हे चिन्ह निश्चितपणे मिळालेले तीनच सैनिक इतिहासाला ठाऊक आहेत: एलाय्जा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल, तिघेही कनेक्टिकटकडचे सार्जंट. आणखी कोणाकोणाला ते मिळाले होते हे सांगण्याची सोय उरलेली नाही, कारण ते गुणवंतांचे पुस्तक आजतागायत कोणाच्या हाती लागलेले नाही.

पदकांचा इतिहास लिहू जाणारे बहुधा रणांगणाचाच इतिहास लिहितात, आणि ते एका अर्थी स्वाभाविकही आहे; परंतु पदकाचे उत्तरायुष्य जाते ते कचेरीत. धातूचा तुकडा काय, जुन्या बाजारात विकतही मिळतो; तो अमुक एका माणसाच्या हक्काचा आहे हे ठरविते सरकारी दफ्तरातील एक ओळ, आणि ती ओळ लिहिणारा कारकून लढाईच्या आसपास फिरकलेलाही नसतो. त्याने ती गाळली, क्रमांक चुकविला किंवा भलत्याच्याच नावापुढे मांडली, की रणातून जिवंत परतलेल्या शिपायाला म्हातारपणी अर्ज, पुरावे आणि स्मरणपत्रे ह्यांची एक निराळीच मोहीम हाती घ्यावी लागते. अमेरिकेत ह्या मोहिमेला चांगला मोठा इतिहास आहे. आणि राज्यसंस्था स्वतःच्या चुकीशी कशी वागते हे पाहावयाचे असेल, तर मोठमोठ्या राज्यघटना वाचण्यापेक्षा हा इतिहास वाचणे मला अधिक उद्बोधक वाटते.

त्या देशातील सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, यादवी युद्धात जन्मास आले. आरमारासाठीच्या पदकाच्या कायद्यावर अध्यक्ष लिंकन यांनी २१ डिसेंबर १८६१ रोजी सही केली, लष्करासाठीचा कायदा १२ जुलै १८६२ रोजी झाला, आणि एका वर्षाच्या आतच ह्या पदकाच्या दफ्तरात असा एक गोंधळ झाला की त्याचे पडसाद पुढे अर्धशतकाने उमटले. १८६३ च्या जून महिन्यात बंडखोर दक्षिणेचे जनरल ली यांचे सैन्य पेन्सिल्व्हेनियात घुसले, तेव्हा राजधानी वॉशिंग्टनच्या रक्षणार्थ असलेल्या मेन राज्याच्या २७ व्या पलटणीची नऊ महिन्यांची मुदत नेमकी संपत आली होती. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी मुदतीबाहेर थांबण्याची विनंती केली व जे थांबतील त्यांना हे पदक देण्याचे वचन दिले. पलटणीतील सुमारे ३०० जण थांबले, उरलेल्यांनी घरची वाट धरली, आणि पेन्सिल्व्हेनियातील गेटिसबर्गच्या रणाचा निकाल लागल्यावर थांबलेलेही, राजधानीवर एक गोळीही न सुटता, गावी परतले. थांबले कोण आणि गेले कोण ह्याची धड यादी मात्र कोणी केली नाही. तेव्हा युद्धखात्याने कारकुनी बुद्धीला शोभेल असा सोपा मार्ग काढला: सबंध पलटणीचा हजेरीपट समोर घेतला आणि ८६४ पदके पाडून पाठवून दिली. कर्नल मार्क वेंटवर्थ हा सचोटीचा गृहस्थ. त्याने राहिलेल्यांना पदके वाटली आणि उरलेल्या शेकडो पदकांचे काय करावे ते न उमजून ती आपल्या कोठारात ठेवून दिली. दफ्तराच्या हिशेबी मात्र आठशे चौसष्टही वीर कायम राहिले. कागदावर एकदा चढलेले उतरविणे हे कागदावर न चढलेले चढविण्याइतकेच दुर्घट असते.

युद्ध संपून पंचवीस-तीस वर्षे उलटल्यावर, ज्यांचे शौर्य खरे होते परंतु ज्यांची ओळ लिहिली गेली नव्हती, असे लोक एकामागून एक पुढे येऊ लागले. गेटिसबर्गच्या रणात लिट्ल राउंड टॉप ही टेकडी राखणारे जोशुआ चेंबरलेन यांना त्या पराक्रमाचे पदक १८९३ साली, म्हणजे तीस वर्षांनी मिळाले. ही उशिराची न्याय्य भरपाई होती. परंतु चेंबरलेन यांच्यामागून असेही पुष्कळ आले की ज्यांना स्वतःच्या शौर्याचे वर्णन स्वतःच लिहून धाडण्यात काही संकोच वाटला नाही. तेव्हा १८९७ मध्ये नवे नियम करून सरकारने असे ठरविले की अर्जदाराची स्वतःची जबानी पुरेशी नाही, डोळ्यांनी पाहिलेल्या दुसऱ्या कोणाची तरी साक्ष हवी. नियम रास्त आहे हे कोणीही मान्य करील. परंतु लढाईतील शौर्य पाहणारे बहुधा त्याच लढाईत पडलेले असतात, आणि जे वाचतात ते तीस वर्षांत देशभर पांगलेले असतात, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली होती की नाही कोण जाणे.

ह्यात पुढे पैसा शिरला. एप्रिल १९१६ च्या कायद्याने पासष्टी ओलांडलेल्या पदकधारकांस दरमहा १० डॉलरचे विशेष वेतन मिळण्याची तरतूद झाली, आणि खजिन्याचा संबंध येताच आजवर झोपलेले दफ्तर खडबडून जागे झाले. त्याच वर्षी जून महिन्यात काँग्रेसने पाच निवृत्त जनरलांचे एक मंडळ नेमून तोवर दिलेल्या सर्व लष्करी पदकांची फेरतपासणी करण्याचा हुकूम दिला. मंडळाचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल नेल्सन माइल्स, जे स्वतः ह्याच पदकाचे मानकरी होते. निःपक्षपातासाठी प्रकरणे मंडळापुढे ठेवण्यात आली ती नावे झाकून, नुसत्या क्रमांकांनिशी. एकंदर २,६२५ प्रकरणे पाहून १९१७ च्या प्रारंभी मंडळाने ९११ नावांवर काट मारली. त्यांत मेनच्या पलटणीची ८६४ होतीच. लिंकन यांच्या शवाबरोबर पहारा देत गेलेले २९ सैनिक होते, शव पोहोचविणे हे कितीही आदरणीय काम असले तरी ते शौर्य नव्हे म्हणून. आणखी बारा जण होते. आणि लष्करात रीतसर दाखल नसलेली, म्हणून ‘मुलकी’ ठरलेली सहा माणसे होती. सहांपैकी पाच सरहद्दीवरचे वाटाडे होते व त्यांत ‘बफेलो बिल’ म्हणून जगभर गाजलेले विल्यम कोडी होते. दैवाची गंमत अशी की १० जानेवारी १९१७ रोजी त्यांचे निधन झाले आणि काही आठवड्यांतच त्यांचे पदक गेले. आपल्या हयातीत त्यांना हा निकाल वाचावा लागला नाही.

सहावे नाव डॉ. मेरी वॉकर यांचे होते. त्यांच्या प्रकरणापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण दफ्तराचे तर्कशास्त्र किती सरळ रेषेत किती वाकड्या जागी जाऊन पोहोचते ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ह्या विदुषीचा जन्म १८३२ सालचा, न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वीगोचा. १८५५ मध्ये त्या सिराक्यूसच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्या काळच्या रीतीला न जुमानता विजार घालून वावरू लागल्या व त्यापायी पुढे पोलिसांच्या तावडीतही सापडल्या. युद्ध सुरू होताच त्यांनी लष्करी शस्त्रवैद्याची रीतसर सनद मागितली. सनद स्त्रीला देण्याचा शिरस्ता नव्हता. मग त्या कधी विनावेतन, कधी कराराने काम करीत राहिल्या. ओहायोच्या ५२ व्या पलटणीबरोबर त्या कंत्राटी सहायक शस्त्रवैद्य होत्या. एप्रिल १८६४ मध्ये त्या शत्रूच्या हाती लागल्या, रिचमंडच्या कॅसल थंडर ह्या तुरुंगात चार महिने खितपत पडल्या, आणि ऑगस्टमध्ये युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत सुटल्या. युद्धानंतर त्यांनी पुन्हा सनदेचा प्रश्न उपस्थित केला. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना त्यांची सेवा मान्य होती. परंतु कायदेपंडितांनी स्त्रीस सनद दिल्याचा पूर्वाधार नाही असा अभिप्राय दिला, तेव्हा सनदेच्या ऐवजी काहीतरी सन्मान करावा म्हणून ११ नोव्हेंबर १८६५ रोजी त्यांना मेडल ऑफ ऑनर देण्यात आले.

आता १९१७ चा निकाल पाहा. मंडळ म्हणाले, ह्या बाईंजवळ लष्कराची सनद नव्हती, सबब त्या मुलकी होत, सबब पदक रद्द. म्हणजे जी उणीव भरून काढण्यासाठी पदक दिले होते, तीच उणीव पदक काढून घेण्याचे कारण झाली! मंडळातील जनरल मंडळी दुष्ट नव्हती. त्यांनी कायदा वाचला, कागद वाचला, आणि दोहोंचा मेळ घातला. क्रमांकाने आलेल्या त्या प्रकरणामागे कोण आहे हे त्यांच्यापासून झाकलेले होते, आणि निःपक्षपातासाठी घातलेल्या त्या पडद्यानेच ह्या ठिकाणी न्यायाची दृष्टीही झाकली. डॉ. वॉकर यांनी पदक परत देण्याचे साफ नाकारले. बेकायदा पदक वापरणे हा आता गुन्हा ठरला होता. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ह्या बाई तो गुन्हा रोज उजळ माथ्याने करीत राहिल्या आणि २१ फेब्रुवारी १९१९ रोजी निधन पावेपर्यंत त्यांनी पदक छातीवरून उतरविले नाही.

त्यांच्या मृत्यूच्या वेळी दफ्तरातील चूक दुरुस्त करण्याचा राजमार्ग असा नव्हताच. एक वाट होती ती काँग्रेसची. सैनिकाने आपल्या प्रतिनिधीला गाठावे, प्रतिनिधीने त्या एका माणसासाठी एक खासगी विधेयक मांडावे, दोन्ही सभागृहांनी ते संमत करावे, आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही करावी. एका शिपायाच्या नोंदीतील एक शब्द बदलावयाचा तर सगळ्या प्रजासत्ताकाने हलावे, असा हा प्रकार होता. ज्याचा वशिला त्याचा न्याय, हे ओघाने आलेच. निवृत्तिवेतनाच्या अशा खासगी विधेयकांचा एवढा सुळसुळाट झाला होता की अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी पहिल्या कारकिर्दीत तसली दोनशेहून अधिक विधेयके नकाराधिकाराने फेटाळली आणि त्यापायी माजी सैनिकांचा रोष ओढवून घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर कोटीवर माणसे सैन्यातून मोकळी झाली, तेव्हा ही रीत चालणे अशक्य झाले. २ ऑगस्ट १९४६ च्या कायदेमंडळ-पुनर्रचनेच्या कायद्याने एका कलमान्वये लष्करी नोंदीच्या दुरुस्तीसाठी खासगी विधेयके मांडण्यास बंदी केली आणि दुसऱ्या कलमान्वये प्रत्येक सेनाखात्याच्या मंत्र्यास मुलकी अधिकाऱ्यांच्या मंडळामार्फत चूक दुरुस्त करण्याचा वा अन्याय दूर करण्याचा अधिकार दिला. ह्यात ‘अन्याय’ हा शब्द घालणाऱ्याचे मला कौतुक वाटते. नोंद नियमाला धरून असूनही अन्यायाची असू शकते, ही कबुली त्या शब्दात आहे, आणि सरकारे अशी कबुली सहसा कायद्याच्या कलमात देत नसतात.

ह्या मंडळाकडे करावयाच्या अर्जाचा नमुना संरक्षणखात्याचा १४९ क्रमांकाचा. लष्करातून मोकळे होताना मिळणारा जो कागद सैनिक आयुष्यभर जपून ठेवतो, आणि ज्याच्या जोरावर त्याला दवाखान्यापासून दफनभूमीपर्यंत सर्वत्र प्रवेश मिळतो, त्याचा क्रमांक २१४. आणि अर्ज मंजूर झाला तर त्या २१४ ला जोडावयाच्या दुरुस्तीपत्राचा क्रमांक २१५. १४९ च्या अर्जात नाव, सेवाक्रमांक आणि पलटण लिहून झाल्यावर अर्जदाराने सांगावयाचे असते की कोणती नोंद चुकीची अथवा अन्यायाची आहे, ती तशी का आहे, चूक आपणास केव्हा कळली, आणि पुरावा काय. चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. ती उलटली असेल तर विलंब का माफ करावा ह्याची कैफियत. ह्यापुढे कसोटी लागते. मंडळ असे गृहीत धरून चालते की सरकारी काम त्या त्या वेळी यथायोग्य रीतीनेच झालेले असणार. तसे झाले नाही हे शाबीत करण्याचा भार अर्जदारावर. दफ्तर सरकारचे, कारकून सरकारचा, कुलूप सरकारचे, आणि त्या कुलपाआड काय चुकले हे दाखवून द्यावयाचे अर्जदाराने! आपल्याकडे १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामदारांना पिढ्यान्पिढ्यांच्या सनदा हजर करावयास लावल्या, तेव्हा ज्यांच्या घरी वाळवी लागली होती त्यांची जी अवस्था झाली, तिची मराठी वाचकाला येथे आठवण व्हावी.

वॉशिंग्टन यांचे ते जांभळे हृदय, दीडशे वर्षे विस्मृतीत राहून, त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीदिनी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी पर्पल हार्ट ह्या नावाने पुन्हा सुरू केले, आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांनी त्यासाठी अर्ज करावे असे ठरले. पुढे ते मुख्यतः जखमेचे पदक झाले. त्याच्या तीन अटी आहेत: जखम शत्रूच्या कृतीने झालेली असावी, तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचाराची गरज पडलेली असावी, आणि तो उपचार सरकारी नोंदीत आलेला असावा. पहिल्या दोन अटी देहाच्या, तिसरी कागदाची. आणि बहुतेक अर्ज अडतात ते ह्या तिसरीपाशी. समजा, कोरियातील एका टेकडीवर रात्री तोफगोळ्याचा तुकडा खांद्यात शिरला. तुकडीबरोबरच्या मलमपट्टीवाल्या शिपायाने तो चिमट्याने काढला, जंतुनाशक पूड टाकली, पट्टी आवळली, आणि म्हटले, खाली इस्पितळात जा. खाली जावे तर शेजारच्या खंदकात माणूस उरत नाही, म्हणून हा गेला नाही. ज्या क्षणी तो न जाण्याचे ठरवितो, त्या क्षणी त्याच्या शौर्यात भर पडते आणि त्याच्या पदकाचा पुरावा नाहीसा होतो. पन्नास वर्षांनी त्याच्या खांद्यावरचा व्रण डॉक्टरला दिसतो, क्ष-किरणात धातूचा कण दिसतो, परंतु तो कण कोणत्या टेकडीवर शिरला हे क्ष-किरण सांगत नाही.

दुसरा घोटाळा १९४५ च्या घाईने केला. युरोपातील युद्ध संपताच कोणाला आधी घरी सोडावयाचे हे गुणांवर ठरविण्यात आले: सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातील प्रत्येक महिन्याला आणखी एक, मुलामागे बारा, तीन मुलांपर्यंत, आणि प्रत्येक पदकाला व मोहिमेच्या ताऱ्याला पाच. ८५ गुण भरले की सुटका. म्हणजे पदकाची ओळ गाळली गेली तर केवळ मान जात नव्हता, घर महिनोन्महिने दूर जात होते. आणि उलट, ज्याचे गुण पदकाशिवायच भरत होते, तो सुटकाकेंद्रावर टंकलेखकापुढे उभा असताना आपल्या कागदावर एक पदक राहिले आहे असे सांगून आगगाडी चुकविणार थोडाच! त्या कागदावर लढाया, पदके आणि लढाईतील जखमा ह्यांसाठी निरनिराळे रकाने होते. त्यांत ‘काही नाही’ असा शेरा टंकित झाला, शिपायाने सही ठोकली, आणि तो घरी गेला. चाळीस वर्षांनी नातवाने विचारल्यावर त्याने तो कागद पहिल्यांदा नीट वाचला, असे होणे अगदी स्वाभाविक होते. त्यातच १९४७ मध्ये असे ठरले की महायुद्धात लढाऊ पायदळाचा बिल्ला मिळविलेल्या प्रत्येकाला ब्राँझ स्टार हे पदक मागाहून मागता येईल. मागणाऱ्यालाच मिळावयाचे असल्यामुळे ज्यांना ही बातमी कळली नाही ते राहून गेले.

आणि पुरावा ज्या दफ्तरात शोधावयाचा तेच एका रात्री जळाले. सेंट लुइसजवळ ओव्हरलँड येथे, सैनिकांच्या वैयक्तिक नोंदींच्या राष्ट्रीय केंद्राच्या सहाव्या मजल्यावर, १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटता उलटता आग लागली. कागदांच्या त्या अरण्यात आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. त्या कागदांच्या नकला नव्हत्या, सूक्ष्मपट नव्हते, इतकेच काय, जळाले काय ह्याची सूचीही नव्हती. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख माणसांच्या नोंदी नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर लष्करातून सुटलेल्यांच्या ऐंशी टक्के, आणि १९४७ ते १९६३ ह्या काळात हवाईदलातून सुटलेल्यांच्या पंचाहत्तर टक्के. हवाईदलातही आद्याक्षरक्रमाने हबर्ड ह्या आडनावाच्या अलीकडचे वाचले आणि पलीकडचे गेले. आगीतून जे वाचले ते पाण्याने भिजले होते. त्यांना बुरशी धरू लागली, तेव्हा मॅक्डॉनल डग्लस ह्या विमानकंपनीच्या निर्वात कोठीत ते गठ्ठे नेऊन सुकविण्यात आले. लक्षावधी अर्धवट करपलेल्या फायली अशा रीतीने हाती राहिल्या.

ज्यांच्या राहिल्या नाहीत त्यांचे चरित्र मग तुकड्यातुकड्यांनी उभे करण्याची एक नवी विद्या त्या केंद्रात निर्माण झाली. शेवटच्या पगाराची पावती सांगते की हा माणूस अमुक दिवसापर्यंत सैन्यात होता. कंपनीचा रोजचा हजेरीपट सांगतो की अमुक तारखेला तो कामावरून इस्पितळात गेला, अथवा इस्पितळातून कामावर आला. एवढी एक ओळ सापडली तरी अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी यावे. १९८८ मध्ये आणखी एक अनपेक्षित साठा मिळाला. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ ह्या काळात लष्कराच्या मुख्य वैद्याधिकाऱ्याच्या कचेरीने इस्पितळात दाखल झालेल्यांची माहिती आकडेशास्त्रासाठी छिद्रांकित पत्रांवर उतरवून घेतली होती, व ती राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे पडून होती. संशोधकांना माणसाशी कर्तव्य नव्हते, रोगाशी व जखमेशी होते. म्हणून त्यांत नावे नव्हती, सेवाक्रमांक तेवढे होते. ज्या सैनिकाला पन्नास वर्षांनंतरही आपला क्रमांक पाठ होता, त्याची जखम त्या क्रमांकाने परत आणून दिली. १९१७ साली डॉ. वॉकर यांच्यावर अन्याय करणारा क्रमांक इथे तारक झाला, हीही ह्या इतिहासातील एक मौज.

डॉ. वॉकर यांचे प्रकरण अखेरीस ह्याच दुरुस्तीमंडळापुढे आले. त्यांच्या कुळातील एका स्त्रीने चिकाटीने पाठपुरावा केला, मंडळाने स्त्री म्हणून त्यांच्याशी भेदभाव झाल्याचे ध्यानात घेतले, आणि १० जून १९७७ रोजी सेनाखात्याचे मंत्री क्लिफर्ड अलेक्झांडर यांनी त्यांचे नाव यादीत पुन्हा दाखल केले. १९८९ मध्ये बफेलो बिल आणि त्यांच्याबरोबरच्या चार वाटाड्यांची नावेही परत आली. मेनच्या पलटणीची मात्र आली नाहीत; आणि राजधानीसाठी थांबलेल्या त्या तीनेकशे माणसांना सरकारने वचन दिले होते हे मान्य करूनही, मला तो निकाल योग्यच वाटतो.

चुकीची ओळ दुरुस्त होऊ शकते. जी ओळ लिहू दिलीच गेली नाही तिचे काय? दुसऱ्या महायुद्धात चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर देण्यात आली, आणि त्यांतले एकही कृष्णवर्णीय सैनिकाला मिळाले नाही. शॉ विद्यापीठाकडे लष्कराने ह्याची चौकशी सोपविली, आणि त्यानंतर १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते देण्यात आले. त्यांतले एकटे व्हर्नन बेकर हयात होते. सातांपैकी रुबेन रिव्हर्स हा रणगाड्यावरील सार्जंट नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये पडला होता. त्याचे कॅप्टन डेव्हिड विल्यम्स आपण तेव्हाच शिफारस केली होती असे अखेरपर्यंत सांगत राहिले, परंतु त्या शिफारशीचा कागद कोठेच मिळाला नाही. दरम्यान १९९६ च्या कायद्याने उशिराच्या शौर्यपदकांची शिफारस काँग्रेसच्या सदस्यामार्फत पुन्हा विचारात घेण्याची सोय झाली होती. पन्नास वर्षांपूर्वी पुढच्या दाराने घालविलेला लोकप्रतिनिधी असा बाजूच्या दाराने परत आला.

ह्या सगळ्याशी महाराष्ट्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मेडल ऑफ ऑनरहूनही जुना आहे. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर आणि कोरेगाव ह्या रणांची नावे ज्याच्या फितीवरील पट्ट्यांवर कोरलेली आहेत असे एक पदक ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यासाठी मंजूर झाले ते १८५१ साली. असईची लढाई १८०३ ची, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनंतर; कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची, म्हणजे तेहतीस वर्षांनंतर. ते मिळावयाचे हयात असलेल्यास, आणि तेही त्याने मागणी केल्यास. कोरेगावात पडलेल्यांची नावे स्तंभावर दगडात कोरली गेली, वाचलेल्यांना मात्र तेहतीस वर्षे जगून अर्ज करणे भाग पडले. असईच्या वेळी विशीत असलेला तेलंगी अथवा दक्षिणी शिपाई १८५१ मध्ये सत्तरीकडे झुकलेला, बहुधा निरक्षर, कोठल्यातरी खेड्यात. त्याला ही बातमी कोण सांगणार आणि त्याचा अर्ज कोण लिहिणार? त्या पदकांपैकी हिंदी शिपायांच्या नावाची फार दुर्मिळ असावीत ह्यात नवल नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने दिलेल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे, हिंदी शिपायांच्याही. साताऱ्याकडील अपशिंग्यासारख्या ज्या गावांतून घरटी माणूस पलटणीत जात आला आहे, तेथील देवघरांतून, ट्रंकांतून ही पदके अजूनही निघतात, आणि पुष्कळदा नातवंडांना ती चांदीची मोड म्हणून ठाऊक असतात. माझी अशा वाचकांना विनंती आहे की पदक विकण्यापूर्वी अथवा वितळविण्यापूर्वी त्याची कड उजेडात धरून वाचावी आणि क्रमांक उतरून घ्यावा. घरात डिस्चार्जचा कागद असल्यास तो क्रमांक, नावातील अक्षरे आणि पलटण त्याच्याशी ताडून पाहावी. आणि घरात ज्यांनी १९६५ वा १९७१ ची लढाई पाहिली असे कोणी माजी सैनिक असतील, तर त्यांच्या सेवापुस्तिकेत कोणती पदके मांडली आहेत व कोणती राहिली आहेत हे त्यांच्याच तोंडून, ते हयात असतानाच, विचारून घ्यावे. चूक आढळली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्याच सहीने अर्ज द्यावा, आणि त्या अर्जाची एक नक्कल पोचेच्या शिक्क्यानिशी घरी ठेवावी.